देऊळघाटच्या अंजुमची नोंदणी

देऊळघाटात पैनगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत जब्बार पिंजाऱ्याचं घर आहे. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, मागे राहायच्या दोन खोल्या. दिवाळी सरली की गाद्या आणि रजया भरून घ्यायला बुलढाण्यापासून गिऱ्हाईक यायचं, आणि खोलीभर उडणारा कापूस जब्बारच्या दाढीत, भुवयांत अडकून बसायचा. फोमच्या गाद्या आल्यावर गिऱ्हाईक आटत गेलं, तरी यंत्र त्यानं काढलं नाही. अंजुम ही त्याची थोरली मुलगी. तिच्या पाठचा कामरान.

कामरान पाच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळून बघायचा नाही, आणि काही मनाविरुद्ध झालं की स्वतःचं मनगट रक्त येईस्तोवर चावायचा. आई गुलनारनं दवाखाने केले, हकीम केले, कित्येक गुरुवार सैलानीच्या दर्ग्यात काढले. शेवटी बुलढाण्याच्या एका शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं की मूल स्वमग्न आहे. औषध काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, औषध नाही, शिकवावं लागतं. कुठं शिकवतात, ते त्यांनाही सांगता आलं नाही. गुलनार घरी येऊन बराच वेळ बुरखा न काढता तशीच पलंगावर बसून राहिली. तेव्हा अंजुम नववीत होती.

पुढे अंजुमनं डी.एड. केलं, पण शिक्षकभरती बंद पडलेली. हैदराबादला तिचे मामू होते. त्यांच्या ओळखीनं तिला अशा मुलांच्या एका केंद्रात मदतनीस म्हणून काम लागलं. मुलांचे हात धुवायचे, त्यांना बाथरूमला न्यायचं, एवढंच काम. पण तिथं तिनं पहिल्यांदा पाहिलं की मूल चावतं, डोकं आपटतं, ते उगीच नाही. त्याला काहीतरी हवं असतं, नाहीतर काहीतरी नको असतं, आणि ते सांगायची दुसरी रीत त्याच्याजवळ नसते. ती रीत शिकवायची. जे जमलं त्याचं लगेच काहीतरी गोड फळ त्याच्या हातावर ठेवायचं. ऐकायला सोपं, करायला महिने लागणारं काम. कामरानच्या मनगटावरचे वण आठवून तिला तिथं रडू फुटलं होतं.

हे काम करणाऱ्यांना वर्तन विश्लेषक म्हणतात, आणि त्याची परीक्षा परदेशातली एक संस्था घेते, हे तिला तिथंच कळलं. वरिष्ठांच्या नजरेखाली काही वर्षं काम करायचं, मग इंग्रजीतून परीक्षा द्यायची. उर्दू माध्यमात शिकलेल्या पोरीला ती परीक्षा म्हणजे डोंगर होता. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. त्याच वर्षी गुलनार वारली. कामरानला सांभाळायला अब्बा एकटे राहिले, म्हणून अंजुम हैदराबाद सोडून परत आली. लग्नाचं एक ठरत आलं होतं, तेही तिकडेच राहिलं.

देऊळघाटात तिनं मागच्या खोलीत सतरंजी टाकली आणि काम सुरू केलं. आधी गल्लीतलं एक मूल आलं, मग धाडहून, मग चिखलीकडून. कामरान तोवर बावीस वर्षांचा होऊन बापाशेजारी बसायला लागला होता. गादीच्या खोळीत कापूस भरून कोपरे दाबायचं काम तो दिवसभर मान खाली घालून करी आणि मनगट चावत नसे. आयाबाया आधी त्याच्याकडे बघायच्या आणि मग अंजुमकडे.

संजीवनी अमडापूरहून आली ती बोंडअळीच्या साली. त्या वर्षी गुलाबी अळीनं बीटीची बोंडं आतून पोखरून टाकली होती. दिसायला हिरवीगार पऱ्हाटी, आणि बोंड फोडलं की आत किडक्या, डागाळलेल्या कापसाची कवडी. फवारणीवर फवारणी चाललेली. संजीवनीचा नवरा त्याच हंगामात शेती बापावर सोडून वाळूजच्या कंपनीत लागला होता. घरी उरले ते सासरे अर्जुनराव, संजीवनी आणि तिचा सात वर्षांचा, स्वमग्न, न बोलणारा प्रज्वल.

प्रज्वलला काहीही तोंडात घालायची खोड होती. माती, चुन्याचे पोपडे, दोऱ्या, पिशवीचे तुकडे. आणि कास्तकाराच्या घरात तोंडात घालू नये अशाच वस्तू जास्त. औषधाच्या डब्यांची झाकणं, फवारणीचे हातमोजे, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या. संजीवनीनं त्याला वर्षभर एका केंद्रात घातलं होतं. ते केंद्र चालवणारे शेषराव सर आधी संगणकाचे वर्ग घ्यायचे. घरबसल्या चार दिवसांचा एक परदेशी कोर्स त्यांनी केला आणि पाटी बदलली.

अंजुमनं प्रज्वलला सतरंजीवर बसवलं तेव्हा त्यानं दोन्ही हात आपोआप पाठीमागे नेले. तिनं हात पुढे घेऊन पाहिले. दोन्ही मनगटांभोवती पट्टा काचल्याचा काळपट डाग होता, आणि बोटांची कातडी सोललेली.

"हे काय झालं?" तिनं विचारलं.

संजीवनी खाली बघत म्हणाली, "सर खुर्चीले बांधून ठेवत. बोटाईले मिरचीचं पाणी लावत. म्हणत, तोंडात हात घातला की आपोआप समजते त्याले. मले वाटलं, शिकेल माणूस हाये, बरोबरच करत असन."

अंजुमनं त्या दिवशी शिकवणं बाजूला ठेवलं. प्रज्वलच्या हातांना खोबरेल तेल लावलं आणि त्याला तसंच बसू दिलं.

मग ती दर आठवड्याला अमडापूरला जायला लागली, कारण खोड घरातली होती, ती घरातच सुटायला हवी होती. आधी ती नुसती बघत बसली. प्रज्वल एकटा पडला की वस्तू तोंडात घाली, आणि कडक, चावायला लागणारी वस्तू त्याला जास्त आवडे. मग तिनं फुटाणे आणि खारकेचे तुकडे एका डबीत भरून संजीवनीच्या कमरेला बांधले. प्रज्वलनं खालची वस्तू उचलून आईच्या हातात दिली की एक फुटाणा. सुरुवातीला अंजुम त्याचा हात धरून ते करून घेई. मग नुसतं कोपराला बोट लावी. मग तेही नाही. भूक लागल्यावर बोलण्याऐवजी डबीचं चित्र काढलेला कागद आणून देणं तो त्याच काळात शिकला. पहिल्यांदा त्यानं कुणी न सांगता अंगणातलं एक झाकण उचलून आईला आणून दिलं, तेव्हा अर्जुनराव बैलाला पाणी दाखवत होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "पुन्हा कर बरं." प्रज्वलनं पुन्हा केलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी अंजुमला वावरातली मेथी बांधून दिली.

शेषरावांविरुद्ध सरकारकडे तक्रार करायचं अंजुमनंच मनावर घेतलं. संजीवनी घाबरत होती, सही मात्र तिनं केली. मजकूर अंजुमचा. त्यात तिनं मुलांना बांधून ठेवण्याबद्दल लिहिलं आणि शेवटी एक मागणी लिहिली: ज्याची उपचार करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याही सरकारी परिषदेकडे नोंदणी नाही, अशा माणसाला मुलांवर उपचार करू देऊ नयेत. लिहिताना तिला ते स्वच्छ, सरळ वाटलं होतं. चौकशी झाली. आणखी तीन घरांतून तशाच गोष्टी बाहेर आल्या. शेषरावांच्या केंद्राला कुलूप लागलं. वर्तमानपत्रात छापून आलं, वरपर्यंत बोलणं गेलं, आणि वर्षभरात हुकूम निघाला: अपंग आणि स्वमग्न मुलांसोबत उपचाराचं काम फक्त परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेल्यांनीच करावं. बाकीच्यांनी ते ताबडतोब थांबवावं.

अंजुमचं नाव त्या नोंदवहीत नव्हतं. तिथं मानसशास्त्राच्या पदव्या चालत, विशेष शिक्षणाची पदविका चाले. वर्तन विश्लेषक असा रकानाच नव्हता. परदेशी संस्थेचं प्रमाणपत्र आहे म्हणून तिनं अर्ज केला, तर तो परत आला.

तिच्याकडे तपासणीला आलेला माणूस वाईट नव्हता. तो सतरंजीवर बसला, कामरानच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "मॅडम, तक्रार तुमचीच होती ना? मी फाइल वाचली आहे. तुमचंच वाक्य हुकुमात घेतलंय जवळपास. मी तुम्हाला सूट कशी देऊ?"

अंजुम उठली. तिनं दारावरची पाटी स्वतःच उतरवली.

नोंदवहीत नसलेली इतर प्रमाणपत्रं मान्य करायची का, हे ठरवायला मुंबईत एक समिती बसली होती. तिच्यापुढं म्हणणं मांडायला अंजुम गेली. तोवर आणखी एक गुंता झाला होता. जिची परीक्षा तिनं दिली, त्या परदेशी संस्थेनं स्वतःच्या देशाबाहेरच्या लोकांना प्रमाणपत्र देणंच बंद करायचं जाहीर केलं. हैदराबादच्या जुन्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून अंजुमनं दुसऱ्या, नव्या संस्थेकडे परीक्षा देऊन तिचं प्रमाणपत्र घेतलं होतं. म्हणजे आता तिच्याजवळ दोन कागद होते. एक जुना, नावाजलेल्या संस्थेचा, पण संपत आलेला. दुसरा चालू, पण समितीतल्या कुणी नावही न ऐकलेल्या संस्थेचा.

अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, आयुष्यभर मुलांच्या इस्पितळात काम केलेल्या. त्यांनी अंजुमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं असेल. मला तसं वाटतंही. पण शेषरावांकडे परदेशी प्रमाणपत्र होतं आणि तुमच्याकडेही आहे. उद्या माझ्यासमोर असे शंभर कागद येतील. मी फरक कसा ओळखू?"

"मी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम केलंय," अंजुम म्हणाली. "परीक्षा दिलीय. आणि मी चुकले तर माझं प्रमाणपत्र काढून घेणारं कुणीतरी आहे. शेषरावांना तसं कुणी नव्हतं."

"आहे नाही, होतं म्हणा," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "ती संस्था तर निघून चालली. नवी संस्था तुमच्याविरुद्धची तक्रार अमडापूरच्या बाईकडून कुठल्या भाषेत ऐकून घेणार आहे?"

ते खरं होतं. संजीवनीला अंजुमविरुद्ध तक्रार करायची असती तर ती कुठं गेली असती? बाई शेवटी म्हणाल्या की नव्या संस्थांचा अभ्यास करावा लागेल, वेळ लागेल. अंजुम बाहेर आली, समोरच्या टपरीवर उभ्या उभ्या एक वडापाव खाल्ला आणि परतीच्या गाडीला जाऊन बसली. नकार ऐकायची तयारी करून ती गेली होती. समोरच्या बाईचं म्हणणं पटेल, याची तयारी नव्हती.

पुढचे दिवस तिनं एका उर्दू शाळेत तासावर शिकवलं. उरलेल्या वेळात अब्बांच्या खोळी शिवल्या. मुलांच्या आयांना तिनं तालुक्याला महिन्यातून एकदा येणाऱ्या नोंदणीकृत विशेष शिक्षकाचं नाव दिलं. तो शिक्षक बिचारा चार तालुक्यांना एकटा होता. रांगेत बसलेल्या आयांना दोन-दोन मिनिटं देऊन निघून जाई.

संजीवनी दोनदा देऊळघाटला आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मृगाची टोबणी, म्हणजे सरकी पेरणं, तोंडावर होती. ती यंत्राच्या खोलीतच उभी राहून म्हणाली, "तुमी मॅडम म्हणून नोका येऊ. पाव्हण्यावाणी या. चहा प्या, तेवढ्यात त्याच्याजवळ बसा. कोण पाहून राह्यलं आपल्या घरात?"

"कुणी पाहत नाही म्हणूनच शेषरावानं केलं ते," अंजुम म्हणाली. "मी पण तसंच लपून केलं तर मी कोण मग?"

"तुमी तुमीच ना."

"तुम्हाला माहीत आहे ते, संजीवनीताई. दुसऱ्या बाईला कसं कळणार?"

संजीवनीनं कमरेची डबी चाचपली आणि म्हणाली, ती स्वतः जवळ आहे तोवर पोरगा बरोबर वागतो, पण टोबणीच्या दिवसांत ती दिवसभर वावरात असते. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. सासऱ्यांना गुडघ्यानं वाकता येत नाही. जब्बार यंत्र बंद करून हे ऐकत होता. ती गेल्यावर तो मुलीला म्हणाला की तिनं जायला हवं. अंजुमनं कात्री उचलली आणि खोळ कापायला घेतली. तिला भीतीही वाटत होती, हे ती अब्बांना बोलली नाही. मुसलमान बाई, पाटी उतरवलेली, आणि लपून दुसऱ्याच्या घरात जाऊन मुलाला हात लावते, असं कुणी एकानं म्हटलं असतं तर निस्तरायला कुणी आलं नसतं. तत्त्व किती आणि भीती किती, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

पाऊस थोडा पडून दडी मारून बसला. टोबलेली सरकी जमिनीतच करपली. दुबार टोबणीसाठी अर्जुनरावांनी कुठूनतरी चोर बीटीची पाकिटं आणली. सरकार ज्याला परवानगी देत नाही आणि प्रत्येक गावात मिळतं, ते बियाणं. पाकीट फोडून त्यांनी सरकी घमेल्यात ओतली, आणि प्रज्वलला तिथंच सोडून संजीवनीला हाक मारायला ते वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेले. सरकीला औषध चोळलेलं असतं, त्याचा रंग गुलाबी. गोळ्यांसारखी दिसते, आणि चावायला कडक.

प्रज्वलनं किती खाल्ली ते कुणाला कळलं नाही. ते दोघं परत आले तेव्हा त्याच्या हनुवटीवर गुलाबी लाळ होती आणि दोन्ही मुठी भरलेल्या. एक मूठ त्यानं आईपुढं केली. फुटाण्यासाठी. त्या गडबडीत संजीवनीनं त्याला फुटाणा दिला नाही, आणि ही गोष्ट ती पुढे अंजुमला पुन्हा पुन्हा सांगत राहिली, जणू त्यानं काही फरक पडला असता.

गावातल्या जीपनं चिखली, तिथून बुलढाण्याचा मोठा दवाखाना. उलट्या, अंगाला झटके, मग शुद्ध गेली. अंजुमला दुसऱ्या दिवशी कळलं. ती शाळेतून तशीच गेली. अतिदक्षता विभागाबाहेर फरशीवर संजीवनी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. अर्जुनराव जिन्याजवळ उभे होते. अंजुम त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

अर्जुनराव शांतपणे म्हणाले, "तुमी कायदा पायला, बाई. तुमचं काई चुकलं नाई. घमेलं मीच ठेवलं थे."

तिला वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती खाली संजीवनीशेजारी जाऊन बसली. संजीवनीनं डोळे उघडून पाहिलं आणि पदर सावरून तिला टेकायला थोडी जागा करून दिली.

प्रज्वल वाचला. पण घरी आला तो वेगळा होऊन आला. चालताना एक पाय ओढायचा. चित्र आणून देणं, वस्तू आईच्या हातात देणं, सगळं पुसलं गेलं होतं. आणि तोंडात घालायची खोड तेवढी पहिल्यापेक्षा जोरात परत आली. अर्जुनरावांनी जुन्या धोतराचा पदर फाडून त्याचा रुंद मऊ पट्टा केला, प्रज्वलच्या चांगल्या पायाला बांधला आणि दुसरं टोक छपरीतल्या लाकडी खांबाला. सावली राहील असं बघून. शेजारी पाण्याचा लोटा. खांबाभोवतीची जागा त्यांनी दररोज झाडायला सुरुवात केली, एक खडा राहू देत नसत.

अंजुम भेटायला गेली तेव्हा तिनं ते पाहिलं. संजीवनी तिच्या नजरेकडे बघून म्हणाली, "दुसरं काय करू, सांगा. जे सांगान ते करतो." अंजुमला सांगता येण्यासारखं एकच होतं, की कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं. ते तिनं सांगितलं नाही. बसायला घरात कुणी असतं तर पट्टा कशाला लागला असता?

त्यानंतर तिनं समितीला पत्रांमागून पत्रं लिहिली. मराठीत लिहिली, उत्तर आलं नाही तेव्हा इंग्रजीत लिहिली. हैदराबादच्या, पुण्याच्या, नागपूरच्या तिच्यासारख्या लोकांना गाठून सह्या घेतल्या. अध्यक्ष बाईंचा प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नव्हता, म्हणून तिनं त्याचं उत्तरही लिहिलं: परदेशी प्रमाणपत्र माना, पण इथल्या नोंदणीकृत माणसाच्या हाताखाली एक वर्ष काम करायला लावा, आणि तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत करता आली पाहिजे. मधे करोना आला, सगळं बंद पडलं. त्यातच जब्बार गेला. वर्षानुवर्षं कापूस छातीत गेलेला माणूस, त्याला श्वास पुरला नाही. यंत्राशेजारची जागा रिकामी झाल्यावर कामराननं मनगट पुन्हा चावायला सुरुवात केली, आणि सगळ्या जगाच्या मुलांना शिकवू पाहणारी अंजुम स्वतःच्या भावासमोर पुन्हा पहिल्या धड्यापासून बसली.

समितीचा निर्णय लागला तेव्हा तिनं लिहिलेल्यातलं बरंचसं त्यात होतं. ठरावीक संस्थांची प्रमाणपत्रं मान्य झाली, तिची नवी संस्था त्यांत होती. एक वर्ष देखरेखीखाली काम, मग नोंदणी. अंजुमनं ते वर्ष अकोल्याच्या एका इस्पितळात काढलं. कामरानला सोबत घेऊन एका खोलीत राहिली. वर्ष संपलं, तिचं नाव नोंदवहीत चढलं. त्या दिवशी तिनं कामरानसाठी जिलबी आणली. आनंद झाला का, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं. पण जिलबी तिनं स्वतः चाखली नाही.

ती अमडापूरला गेली ते कापूस वेचणीचे दिवस होते. प्रज्वल आता तेरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड फुटलेलं. तोच खांब. धोतराच्या पट्ट्याच्या जागी आता नायलॉनचा होता, आतून मऊ कापड शिवलेला. पट्टा पुरेल तेवढी जमीन घासून गुळगुळीत झाली होती, त्यापलीकडे अंगणात गवत होतं. अर्जुनराव बाजेवरून उठले नाहीत. त्यांना आता ऐकू कमी येई. संजीवनीची बोटं बोंडांच्या काट्यांनी फाटलेली होती.

अंजुमनं सांगितलं की आता ती येऊ शकते, रीतसर.

"तुमचं झालं, बरं झालं," संजीवनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पण आता काय होईन त्याचं?"

अंजुमनं खांबाजवळ बसून पट्ट्याची गाठ सोडली आणि थोडी दूर जाऊन बसली. प्रज्वल उठला. पाय ओढत त्या घासलेल्या जमिनीच्या कडेपर्यंत आला आणि तिथं थांबला. गवत सुरू होतं तिथं. त्यानं पायाकडे पाहिलं. मग वळून परत खांबाशी जाऊन बसला आणि मोकळा पाय पट्ट्याजवळ नेऊन ठेवला.

"तसंच करते," संजीवनी म्हणाली. "कधी सुटला तरी जात नाई."

अंजुमनं तिथूनच सुरुवात केली. गवतावर एक पाऊल. त्या एका पावलाला थंडी पूर्ण सरली. होळीच्या सुमारास तो अंगणाच्या फाटकापर्यंत यायला लागला. वस्तू हातात द्यायला तो पुन्हा शिकला, पण फक्त अंजुमच्या हातात. आईच्या हातात द्यायला अजून तयार नाही. चित्राकडे तो बघत नाही. डॉक्टर म्हणतात, त्या विषबाधेत जे गेलं त्यातलं थोडंच परत येईल.

अंजुम आठवड्यातून दोन दुपारी जाते. त्यापेक्षा जास्त तिला जमत नाही, तिच्याकडे आता चार तालुक्यांतून मुलं येतात. त्या दोन दुपारी प्रज्वल मोकळा असतो. नोंदणी घेताना तिनं एका प्रतिज्ञेवर सही केली आहे: कुठल्याही मुलाला बांधून ठेवल्याचं दिसलं तर ते ताबडतोब कळवीन. ती अट तिच्याच एका पत्रातून घेतलेली होती. ती निघायची वेळ झाली की संजीवनी वावरातून येते, हात धुते आणि चहा ठेवते. अंजुम चहा पिते, कप पालथा घालते आणि संजीवनीनं पट्टा हातात घ्यायच्या आत फाटकाबाहेर पडते. बस स्टँडपर्यंत पायी जाताना ती मागे वळून पाहत नाही. अजून तिनं कुठंही काही कळवलेलं नाही.